नावांमधल्या मोकळ्या जागा

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. ढाणकीचा तुमचा फोटो स्टुडिओ अजून काकाच चालवतात. मागच्या दिवाळीत मी तिथली जुनी हार्ड डिस्क यवतमाळला आणली, फोटो माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतले आणि डिस्क काकांना परत केली. मग तांड्यावरची एक बाई लेकीच्या लग्नातला तुम्ही काढलेला फोटो माझ्याकडे मागायला आली. लेक आता नाही. मी शोधलं, तर तुम्ही काढलेला एकही फोटो नव्हता. काकांचे मात्र सगळे होते.

संशय यायला आणखी काय लागतं? शेवटची दोन वर्षं तुम्ही दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हता, तेही मला आठवलं. मी फोनवर सरळ विचारलं, "काका, बाबांचे फोटो तुम्ही काढून टाकलेत का?" ते म्हणाले, "हे मले कायले इचारून राह्यली तू?" त्यांच्या आवाजातला थकवाही मला नाटकी वाटला.

दुसऱ्या दिवशी ते एसटीने आले. पाणीसुद्धा न घेता त्यांनी डिस्क टेबलावर ठेवली. "तूच पाह्य." डिस्कवर सगळं जागच्या जागी होतं. काका फोटोंना नुसते आकडे देत. तुम्ही मात्र बोलल्यासारखी नावं द्यायचात, 'हळदीत नवरी हसली', 'मामा रुसून बसला'. एकेक फोटो उतरवणारी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरसाठी आज्ञांची यादी, मी लिहिली होती, तिच्यात नावाभोवती अवतरणचिन्हं घालायची राहिली होती. मोकळी जागा दिसली की ती नाव तोडायची आणि 'हळदीत', 'नवरी', 'हसली' अशा तीन वेगळ्या फायली शोधत बसायची. फाइल सापडत नसल्याच्या सूचना पडद्यावर येऊ नयेत, अशी सोयही मीच केलेली.

काकांसमोरच मी चिन्हं घातली. सगळे फोटो आले. तो फोटो हातात घेऊन बाई नंतर म्हणाली, "माही पोरगी अशीच हासे."

काकांना मी सांगितलं, "मशीनची चूक होती." ते म्हणाले, "होते असं कधी कधी," आणि बसस्टँडकडे निघाले. चूक माझी होती, हे तुम्हाला लिहून झालं. त्यांना लिहायला घेतलं की 'काका'च्या पुढे हात जात नाही. आणि खरं सांगते, त्यांनी ते खरंच इतक्या सहज मानलं का, याचाही मला अजून संशय येतो.