तळघरातला खडक

ग्रुवबी, ४ मार्च १९६३

चि. दाग्नी हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

खाणीतले जुने शब्द हवेत म्हणालीस, म्हणून तुझ्या आतोबांना विचारून घेतले. लोखंड नसलेला दगड तो ‘ग्रोबेर्ग’. कडेचा हिरवट, फेकून द्यायचा तो ‘स्कार्न’, म्हणजे घाण. खडक सळईने ठोकल्यावर घंटेसारखा वाजला तर निरोगी, रिकाम्या डब्यासारखा वाजला तर ‘बोम’. बोम वाजला की लांब पळायचं, नाहीतर डोक्यात पडतो.

आता आमच्या तळघराचा खडकच बोम झालाय, असं हे म्हणतात. दर रविवारी जेवणाआधी तो ठोकून बघतात, तुला ठाऊक आहे. मला खाली पाऊल टाकू देत नाहीत. ईस्टरआधी घर सोडायचं ठरवलंय. बाहेर बर्फ वितळतोय, सगळं धुक्यात बुडालंय, आणि स्वप्नात आमचं घर होडीसारखं वाहत जाताना दिसतं. मला इथून जायचं नाही गं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आत्या गुनवोर

उप्साला, ९ मार्च

ती. आत्यास दाग्नीचा सा. न. वि. वि.

तुमची ‘घाण’ आता जगभरचे भूवैज्ञानिक ‘स्कार्न’ म्हणून मोठ्या आदराने लिहितात. आतोबांना सांग, चार दिवस तोरा उतरायचा नाही.

पण आमच्या भूविज्ञान विभागाच्या नकाशात तुमच्या घराखाली अखंड ग्रॅनाइट आहे. रागावू नकोस, त्यांना चर्चची पायरी ठोकायला सांग. तीही बोम निघाली, तर दोष खडकात नाही. नाताळात मी दोनदा हाक मारली, ते वळले नाहीत. मला वाटलं, रुसलेत.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी दाग्नी

ग्रुवबी, १८ मार्च

चि. दाग्नीस आशीर्वाद.

पायरी बोम निघाली. मग विहिरीचा काठ, मग लोहाराची ऐरणसुद्धा. ऐरणीकडे ते बघतच राहिले. यांच्या कानांच्या भरवशावर अख्खी पाळी खाणीत उतरायची, दाग्नी.

घरी येऊन ते तळघरात गेले, तशी मीही गेले. यंत्रांच्या गोंगाटात खाणीतली माणसं खडकाला तळवा लावून ठोकतात, हे यांनीच मला लग्नानंतर सांगितलं होतं. मी त्यांचा हात खडकावर ठेवला आणि सळई मारली. बराच वेळ डोळे मिटून उभे होते, झोपेत कुणी गाणं ऐकावं तसे. मग म्हणाले, निरोगी आहे.

वर येताना जिन्यात थांबून म्हणाले की रविवारी ठोकायचं काम आता तुझं, मी नुसता खडकाला हात लावून धरीन.

तुला जीव लावून बसलेली,
आत्या गुनवोर