अकरा वर्षं न हललेला दर

३ मार्च, मंगळवार
आल्या आल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं — "गॅसची वीज आणि सौर वीज, युनिटला काय पडते ते तुलनापत्रक सोमवारी हवं." यावरूनच ठरणार, गॅसचं वीजकेंद्र चालू ठेवायचं की बंद करून सौर पॅनेल लावायची. दादा त्याच केंद्रात टर्बाइनवर आहे.

४ मार्च
आमच्याकडे नवीन पत्रक कोणी करतच नाही! गेल्या वर्षीचं उघडायचं, तारीख बदलायची, चहाला जायचं. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "अगं, दरवर्षी गॅसच स्वस्त येतो. कशाला उकरत बसतेस?"

उकरलं. गॅसचा दर अकरा वर्षांपूर्वीचा! पॅनेलची किंमतही तेव्हाचीच! आजचे दर घालून चार वेळा गणित केलं. गॅसची वीज सौर विजेच्या जवळजवळ दुप्पट — तीही सौरला बॅटरीचा खर्च धरून. इतक्या सह्या झाल्या यावर, कोणाच्याच लक्षात आलं नाही?

५ मार्च
दादा जेवायला आला होता. "केंद्रात सगळे निवांत आहेत. पत्रक तुझ्या बहिणीकडे आहे ना, म्हणतात." हसला. मी त्याला आणखी एक पोळी वाढली.

६ मार्च
जुनी कागदी फाइल काढली. ज्या वर्षी दर पहिल्यांदा तसाच ठेवला, त्या वर्षीच्या पानावर, समासात पेन्सिलने — "नवा दर घेऊ नये." अक्षर ओळखायला क्षणही लागला नाही. बाबांचं! निवृत्तीपर्यंत याच विभागात होते. आणि त्याच वर्षी दादा केंद्रात लागला.

माझे बाबा! दुकानदाराने चुकून जास्त दिलेला रुपया परत करायला उन्हात मागे जाणारे!

७ मार्च
विचारलं. त्यांनी पेपरची नीट घडी घातली. "तुझं इंजिनिअरिंग माझ्या पगारात झालं असतं? दादाच्या पगारावर झालं ते." एवढंच बोलले.

८ मार्च
दिवसभर दार लावून बसले. आईने दोनदा विचारलं, बरं नाही का?

९ मार्च, सोमवार
आजचेच दर घातले. सही केली. साहेबांकडे जायच्या आधी रडत रडत दादाला फोन केला, सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "मला पहिल्यापासून माहीत आहे गं. आईलाही. तू खरं लिहिशील, म्हणून तुलाच तेवढं सांगितलं नव्हतं."