मागच्या दाराचा निरोप

इथिओपिया, १२ ऑक्टोबर १९७९

माय,

तुझ्या कोकिळाचा दुरूनच नमस्कार.

आम्ही तिघंही खुशाल आहोत. दोन वर्षांच्या सेवेले आलो, त्यातलं अर्धं सरलं. यांचं मास्तर लोकांना शिकवायचं काम नीट सुरू आहे. आपल्या चिमुकल्या नलूले इथलं आंबट धिरडं आवडायले लागलं. बाबांचा खोकला थांबला काय? आपल्या रोहण्यात कापूस वेचायले लागले असतील.

या घरात पहिले इथलेच एक मास्तर राहात. मागच्या साली बंदुकवाल्यांनी त्यांना कॉलेजातून नेलं, ते परत आलेच नाईत. परवा त्यांची बायको आली. मले वाटलं, काही सामान राहिलं असंल. तिनं चहाही घेतला नाई. म्हणाली, "बाई, मागचं दार लावू नका. ते तिकडूनच येतात. आले तर सांगा, आम्ही माझ्या बहिणीकडे आहोत."

मी हो म्हटलं. तेव्हापासून दिवसभर दार उघडंच असते. वाऱ्यानं वाजलं तरी माझे हात थांबतात. हे त्याच कॉलेजात जातात ना. तू घाबरू नको, इथं चोऱ्या होत नाईत.

काल कॉलेजवाल्यांनी आम्हाले नळाचं मोठं घर देऊ केलं. मी म्हटलं, "आपण गेलो तर त्यायले निरोप कोण देईल?"

हे चिडले. "अवं, तो माणूस आता कुठून येते!"

मंग जेवता जेवता यांनीच नलूले तो निरोप इथल्या भाषेत शिकवला, अन् चुकली तिथं पुन्हा म्हणवून घेतला.

तब्येतीले जपजो, माय.

तुझी कोकिळा