साडूला पाठवलेला रिपोर्ट

४ फेब्रुवारी
सोनोग्राफी झाली. फॅटी लिव्हर. शुगर आधीपासून आहेच. डॉक्टर म्हणाले, दोन्ही एकत्र असलं की कोविड जड जातो. वजन उतरवा, लस घ्या. बायकोने हे बहिणीला सांगितलं, बहिणीने नवऱ्याला. झालं! साडू सासरेबुवांसमोर म्हणाला, साडूभाऊ, लिव्हरवर लोणी जमलंय म्हणे! सासरेबुवा पोट धरून हसले. शुगर साडूलाही आहे, पण ते कोण बोलणार? सूड घेणार.

५ फेब्रुवारी, पहाटे
शुगर ताळ्यावर आणून साडूच्या नाकावर टिच्चून रिपोर्ट नाचवायचा. आजपासून चालणं. आपलंच बुटांचं दुकान. पण वाकून लेस बांधतानाच धाप लागली. उद्यापासून बिनलेसचे.

९ फेब्रुवारी
बिनलेसचे बूट चावले. पाय बरे होईपर्यंत विश्रांती. विश्रांतीत बिस्किटं. तीही चहाबरोबर, नुसती नाहीत.

१४ फेब्रुवारी
साडूने स्वतःबरोबर माझंही नाव लसीला नोंदवलं. न विचारता! त्याच्या उपकाराची सुई या दंडात शिरणार नाही. माझं मी नोंदवीन. सोमवारी.

२६ फेब्रुवारी
दुकानात गर्दी, लस राहिली. साडूने बारीक झाल्याचा फोटो टाकलाय. पोट आत ओढलंय. मला कळतं, मीही ओढतो.

१ मार्च
युक्ती सुचली! दोन दिवस कडक उपास, मग शुगर तपासायची. दुपारी डोळ्यांपुढे काजवे चमकले. एका बाईंच्या दोन्ही पायांत डावेच बूट चढवले.

३ मार्च
शुगर नॉर्मल! डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणीही लिहिली होती. ती केली नाही. जुनं कशाला उकरायचं? रिपोर्ट साडूला पाठवला. खाली लिहिलं, लोणी वितळलं! काय गार वाटलं जिवाला. आइस्क्रीम खाल्लं, मोठा कप.

१९ मार्च
ताप, खोकला. हवा बदलली असणार.

२२ मार्च
कोविडच. धाप लागली. बायकोने नेमका साडूलाच फोन केला. तो गाडी घेऊन हजर. हॉस्पिटलात खाटा मोजक्या. धोका जास्त त्याला आधी. डॉक्टरीणबाईंनी शुगरचं विचारलं. साडूने मोबाईल पुढे केला. म्हणाला, यांची एकदम नॉर्मल, यांचं बघून तर मी गोड सोडलं. बाई म्हणाल्या, मग तूर्त घरी न्या. घरी जाऊन मरेन, पण याच्यासमोर तोंड उघडणार नाही. तेवढ्यात बायको ओरडली, उपाशी राहून काढलाय तो रिपोर्ट! लिव्हर खराब आहे यांचं, लसही घेतली नाही! अख्खी रांग वळून बघायला लागली.
खाट मिळाली.

२६ मार्च
नाकात ऑक्सिजनची नळी. बाई म्हणाल्या, घरी गेला असतात तर कठीण होतं. साडू रोज खाली येऊन बसतो म्हणे. हसला नाही, टोमणा नाही. बायकोला एवढंच म्हणाला, रिपोर्टचं सासरेबुवांना कळता कामा नये.
नीचपणाची हद्द झाली. आता याचा सूड कसा घ्यायचा?