नानिह वैयाची ओटी

जिदहफ्स, बहारीन
ता. ४-२-२०२५

ती. अक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात आपण दोघी मागल्या पडवीत रातांबे फोडत बसलो होतो, आठवतं का? माझी बोटं लाल झाली म्हणून मी कुरकुरत होते. नव्या भावजयीला बोलतं ठेवायला तुम्ही विचारलंत, नन्सच्या शाळेत रोज काय म्हणायचात. मी बेळगावच्या कॉन्व्हेंटमधली प्रार्थना म्हणून दाखवली आणि अर्थही सांगितला, हे आमच्या स्वर्गातल्या बापा वगैरे. तुम्ही सोलं ताटात टाकत म्हणालात, बापाचं झालं गो, पण आई खंय गेली? आज हे का आठवलं ते पुढे कळेल.

आधी गोड बातमी. आपली सून डेलाना गरोदर आहे. चौथा महिना चालू आहे. डॉक्टर म्हणतात सगळं उत्तम. ओजस हिद्दच्या बंदरावरून घरी येतो तो थेट स्वयंपाकघरात शिरतो, आणि तिच्यासाठी जे काही करतो ते तिला खाववत नाही. तुमच्या भावाने आत्तापासून नातवंडाला पाढे शिकवायची तयारी चालवली आहे.

आता अवघड गोष्ट. गेल्या वर्षी नोंदणी पद्धतीने लग्न झालं तेव्हाच तुम्ही सांगितलं होतंत की नवी सून आधी गावच्या सातेरीदेवीच्या पायांवर घालायची. तिच्या शाळेची नोकरी आणि ओजसच्या शिफ्टमुळे ते राहिलं. आता डॉक्टर एकच लांबचा प्रवास करू देणार आहेत, तोही ईदच्या सुट्टीत. त्यानंतर बाळंतपण होईपर्यंत विमान नाही.

डेलानाची आजी अमेरिकेत मिसिसिपी राज्यात राहते. ती नव्वदीला टेकली आहे. आजीला ही मुलं पोक्नी म्हणतात. ते लोक चोक्टॉ, तिथले मूळचे रहिवासी. त्यांची एक जागा आहे, नानिह वैया नावाची, म्हणजे कललेली टेकडी. माणसांनी बांधलेली मातीची टेकडी आहे ती, पण तिला ते आई म्हणतात, तुम्ही पडवीत विचारलेली आई. त्यांचे पूर्वज तिच्या पोटातून वर आले असं ते मानतात. पोक्नीची इच्छा आहे की नातीने पोटातल्या बाळासकट एकदा तिथे उभं राहावं, आणि आम्हीही सोबत असावं. पुढच्या वर्षी आपण असू की नसू, असं तिने कळवलं आहे.

अक्का, मी जायचं ठरवलं आहे. तुम्हाला न विचारता ठरवलं असं नका म्हणू. विचारतेच आहे, फक्त उत्तर हो यावं अशा बेताने विचारते आहे.

आपल्या गावचा जयेश, इथे सलमाबादला असतो तो, रजेवर निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी तुम्ही रागावलात की फोन ठेवून देता. पत्र ठेवून दिलंत तरी ते घरातच राहील.

लोभ तुमच्याकडे पुष्कळ आहे, त्यातला थोडा याही खेपेला सोडावा.

आपली,
मेधा


सावंतवाडी
ता. २३-२-२०२५

चि. सौ. मेधास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जयेश पत्र देऊन गेला. चार खजूरही दिले. बातमी वाचून देवापुढे साखर ठेवली. पुढचं वाचून साखर मीच खाल्ली.

तू विचारतेस म्हणतेस, पण तुझं पत्र म्हणजे बी काढून झाल्यावर रातांबा कसा फोडू असं विचारण्यासारखं आहे. या घरात माझ्या आईपासून प्रत्येक सून आधी सातेरीकडे गेली. तूसुद्धा हातात पर्स घेऊन, पायांत उंच टाचा घालून गेलीस. मी ताट मांडलं होतं, वाडीतल्या गंगूबाईने सवाष्ण म्हणून तुझी ओटी भरली होती. मी विधवा, म्हणून ताट मांडणं एवढंच माझं. पण ते मी कधी चुकवलं नाही. आता पोटातलं मूल घेऊन सून आधी परक्या आईकडे जाणार आणि आपली आई वाट बघत बसणार. हे तुझ्या मनाला कसं पटलं?

आणि ती आई तरी कसली, मातीचा ढीग. तू शिकलेली. ढिगाला आई म्हणणं तुला चालतं तर मग चालू दे.

जायचं तर जा. मी नाही म्हटलं तरी तू जाणार. पण मग देवळातलं ताट मी मांडणार नाही. बाळाला घेऊन याल तेव्हा तुमचं तुम्ही बघा. मी घरी भात टाकून ठेवीन, तो मात्र गरम मिळेल.

चंदूला सांग, पाढे पोटातल्या पोरांना ऐकू येत नाहीत. त्याला स्वतःला दहावीपर्यंत येत नव्हते.

डेलानाने आंबट खावं. जयेश परत निघेल तेव्हा त्याच्याबरोबर सोलं देते. राग माझ्यात आहे, सोलांत नाही.

तुझी,
अक्का


जिदहफ्स
ता. १६-४-२०२५

ती. अक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही जाऊन आलो. डेलाना ठीक आहे. तुमच्या सोलांची कढी आता तिला रोज लागते, आणि ती मग भरून पिते, कॉफीसारखी.

सगळं लिहिते. रागावून का होईना, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी इथलंच एक सांगायला हवं. आमच्या जवळ आली नावाचं गाव आहे. तिथे घरांच्या मधेमधे मातीचे जुने उंचवटे आहेत, हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांचे. मी इतकी वर्षं तिथून भाजीला जाते, पण माझ्या लेखी ते नुसते उंचवटे. डेलानाला पहिल्यांदा तिकडून नेलं तेव्हा तिने गाडी थांबवायला लावली. खाली उतरून ती मान खाली घालून उभी राहिली. मी विचारलं तर म्हणाली, कुणाची तरी माणसं आहेत ही. तेव्हापासून ही मुलगी आपल्या घरात शोभेल याबद्दल मला शंका उरली नाही.

तर नानिह वैया. चारी बाजूंनी हिरवं गवत, जवळून ओढा वाहतो, आणि मधे ती टेकडी, वरून सपाट. आपल्या डोंगरांपुढे काहीच नाही. पोक्नीला चाकाच्या खुर्चीतून नेलं होतं. अंगात पायघोळ झगा, त्यावर पांढरं ॲप्रन. झग्याच्या काठाला शंकरपाळ्यांसारखी नक्षी होती. डेलाना म्हणते ती सापाच्या अंगावरची. पोक्नीने सांगितलं, माणसं या मातीतून ओली बाहेर आली, उन्हात अंग सुकवून एकेक जमात लांब निघून गेली. चोक्टॉ शेवटी आले आणि आईजवळच राहिले. पुढे सरकारने त्यांच्यातल्या बहुतेकांना दूर पश्चिमेला धाडलं, पोक्नीचं घराणं मात्र हटलं नाही. ती जागाही मधे कैक वर्षं दुसऱ्यांकडे होती, आता त्यांची त्यांना परत मिळाली आहे. हे सांगताना तिच्या आवाजात जराही रड नव्हती. तुम्ही आपल्या आगराच्या हद्दीबद्दल बोलता तशी बोलत होती.

आता माझा पराक्रम. मी हिरवा खण नेला होता. नारळ आणि तांदूळ नेऊ देत नाहीत म्हणून तिथल्या दुकानातून आणले. नारळाला शेंडीच नव्हती. आईची ओटी भरावी म्हणून मी पायथ्याशी खण पसरला आणि तुमच्यासाठी चिमूटभर माती पदराच्या टोकात बांधली. पोक्नीने ते पाहिलं. ती ओरडली नाही. तिने खूण करून डेलानाला बोलावलं आणि तिच्याकडून मला सांगितलं की आमच्या घरात इथे काही ठेवत नाहीत आणि इथून काही नेतही नाहीत. टेकडीवर चढतसुद्धा नाहीत. आईच्या अंगावर कोण चढतं? मी गाठ सोडून माती होती तिथे ठेवली. कान लाल झाले होते, पण राग आला नाही. कारण अक्का, त्या क्षणी मला तुमचीच आठवण झाली. तुमच्या देवळात गाभाऱ्यात मूर्ती नाही, आपोआप वाढलेलं वारूळ आहे. लग्नानंतर मी त्याला बोट लावायला गेले तेव्हा तुम्ही माझा हात धरला होतात. ते आईचं अंग आहे, म्हणाला होतात. मातीचा ढीग तोही, अक्का. हे वाद घालायला लिहीत नाही. तिथे उभी असताना मला परकं वाटलं नाही, इतकंच.

मग प्रश्न उरला, उघडलेल्या ओटीचं काय करायचं. ती परत पिशवीत घालणं मला जमेना. मी सरळ पोक्नीकडे वळले. तिला पदर नव्हता, पण तिने ॲप्रन दोन्ही हातांनी उचलून धरलं, जणू जन्मभर ओट्या घेत आली होती. मी नारळ घातला, तांदूळ घातले, खण घातला. तिचा नवरा जाऊन तीस वर्षं झाली आहेत हे मला माहीत होतं. तरी घातलं. नारळाला खरं तर शेंडी हवी होती असं मी डेलानाकडून सांगितलं तेव्हा ती खूप हसली.

निघताना तिने तो खण घडी करून माझ्या हातात दिला. वेताची स्वतः विणलेली एक टोपलीही दिली. घरातल्या मोठीला दे म्हणाली. तिला वाटलं आमच्या घरातली मोठी मी. मी सांगितलं, नाही, मोठी सावंतवाडीला असते आणि सध्या रागावली आहे. त्यावर ती म्हणाली, मग टोपली मोठी हवी होती.

उत्तर लिहा. भात गरम मिळणार हे वाचलं, पण मला ताटही हवं आहे.

उन्हाळा कडक आहे, लोभ आटू देऊ नये.

आपली,
मेधा


सावंतवाडी
ता. ९-५-२०२५

चि. सौ. मेधास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि गंगूबाईला एकदा वाचून दाखवलं. नारळाला शेंडी नाही हे ऐकून ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

वारुळाचं लिहिलंस ते मला आधी झोंबलं. मग मी देवळात गेले आणि कौल लावला. सून आधी दुसरीकडे जाऊन आली, तू रागावली नाहीस ना, असं सरळ विचारलं. गुरवाने फुलाच्या ओल्या पाकळ्या लावल्या, उजवी पडली की होकार. मला वाटलं तासभर बसावं लागेल, तर उजवी पाकळी लगेच पडली. मला शंका आली की गुरवाने फुंकर मारली, म्हणून त्याला लांब उभा करून पुन्हा लावायला लावली. पुन्हा उजवीच. आता मी देवीपेक्षा जास्त रागावून बसणं शोभत नाही.

त्या बाईने तुला माती परत ठेवायला लावली ते मला फार आवडलं. मीही तेच केलं असतं, फक्त आवाज चढवून.

तर ताट मी मांडीन. बाळाला दिवाळीनंतर आणा. एकच अडचण आहे. गंगूबाईचे गुडघे गेले, देवळाच्या पायऱ्या आता तिला होत नाहीत. ओटी भरायला कुणी सवाष्ण बघून ठेवायला हवी. तू सासू, तूच भरशील का? नाहीतर शेजारच्या श्रेयाला विचारते, पण ती मोबाईल बघत तांदूळ सांडेल.

त्या पोक्नीला माझा नमस्कार कळव. राग उतरलाय, टोपली आहे तेवढी पुरेल म्हणावं.

तुझी,
अक्का


जिदहफ्स
ता. २९-५-२०२५

ती. अक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ओजसने मोठ्याने वाचलं. डेलानाला अर्धं समजलं, अर्धं त्याने इंग्लिशमध्ये सांगितलं. पाकळीवर तिचा पूर्ण विश्वास बसला, गुरवावर नाही. तुमचा नमस्कार पोक्नीला पोचला. तुमचा आवाज कसा आहे असं तिने विचारलं. चढा, असं मी कळवलं आहे.

नोव्हेंबरची तिकिटं काढतो आहोत. श्रेयाला विचारू नका. मीही भरणार नाही. जयेश पुन्हा गावी येतोय, त्याच्याबरोबर पार्सल पाठवते आहे, त्याचं वाटप असं करावं.

खजुरांचा मोठा डबा गंगूबाईला. वेगळ्या पुडीतलं केशर देवळात. गुरवाला बदामाची पाकिटं द्या आणि तुम्ही त्याच्यावर घेतलेल्या संशयाबद्दल काही बोलू नका. निळा स्कार्फ श्रेयाला, तो बांधला की मोबाईल थोडा वेळ तरी खाली राहील.

वेताची टोपली तुमची. तिच्यात सोलं ठेवू नका, डाग पडतील. ओटीचे तांदूळ ठेवा.

टोपलीच्या तळाशी हिरवा खण आहे, पोक्नीच्या ओटीतला. तो कुणालाही द्यायचा नाही. रंगाकडे बघून कपाटात टाकायचा नाही. शिंप्याकडे देऊन स्वतःच्या मापाचा शिवून घ्यायचा, बाह्या हव्या तेवढ्या लांब. नोव्हेंबरात तो घालून देवळाच्या पायऱ्या चढायच्या. ताट मांडायचं, आणि ओटीही तुम्हीच भरायची, आधी सातेरीची, मग डेलानाची. बाळाला मी धरून उभी राहीन. यासाठी कौल लावायचा नाही.

लोभ आहेच, तो या वेळी ओटीतून द्यावा.

आपली,
मेधा