ब्लेसनचे हृदय निर्दोष होते

माझा भाचा मॅथ्यू याने मंडळीच्या स्मरणिकेत लिहिले आहे की, माझा मुलगा ब्लेसन जन्मजात दुर्बल हृदयामुळे, रविवारची उपासना चुकवून धावताना गेला. दोन्ही विधाने चूक आहेत. पहिले मी अकरा वर्षे खोडले नाही. ते मला सोयीचे होते.

मी, एलिया पौलस ओहोळ, वय ८१, निवृत्त विज्ञानशिक्षक, राहणार शिरूर, पूर्ण शुद्धीत व स्वेच्छेने माझी अंतिम इच्छा लिहून ठेवतो.

१. राहते घर सून जस्मिन हिला द्यावे. ‘दोष रक्तातच आहे,’ असे समजून तिने माझी नात ब्लेसी हिचे धावणे बंद केले आहे. जस्मिन, दोष रक्तात नव्हता.

२. मी वर्गात शिकवीत असे: काळवीट वेगवान खरे, परंतु धापा टाकून निवते, आणि भरधाव असताना त्याला पुरेसे निवता येत नाही. माणसाचे उघडे अंग घामाने धावता धावताच निवते. म्हणून भर उन्हात तो अखेर काळविटाला गाठू शकतो. हे शिकवणाऱ्याने घाम कशाचा होतो, तेवढेच विसरावे! आम्हा जुन्या शिक्षकांचा नियम होता: धावताना पाणी नाही.

३. ब्लेसन तेव्हा तीस वर्षांचा होता. निमोण्याच्या रस्त्यावर मी स्कूटरवरून त्याची वेळ मोजत होतो. झेंडूच्या शेतातून गोकुळ थोरात ओरडले,

“मास्तर, पोराचा घाम आटलाय! घोटभर पाजा की.”

“नको. पोटात कळ येईल.”

“बैलाला पाजता, आन् पोराला न्हाई व्हय?”

ब्लेसन म्हणाला, “पप्पा, थोडंच.”

मी त्याला स्टॉपवॉच दाखवले. मग थर्मासमधले पाणी मी स्वतः प्यालो. पुढच्या वळणावर तो कोसळला. मी आधी स्टॉपवॉच बंद केले, मग खाली वाकलो.

४. ते स्टॉपवॉच माझ्या शवपेटीत ठेवावे.

५. थर्मास ब्लेसीला द्यावा. ती धावेल तेव्हा तो भरलेला असावा. तिला मागावे लागू नये. तिला धावू द्यावे, ही घरासाठीची अट नव्हे, याचना आहे.

६. शब्दकोश मॅथ्यूला द्यावा, ‘जन्मजात’ शब्दाचा अर्थ पाहण्यासाठी. कॅलेंडर त्याने स्वतः घ्यावे.

७. तारखांची दुरुस्ती:
हृदयतपासणी, निर्दोष: ३ मार्च २०१४ (स्मरणिकेत नोंद नाही, अहवाल सोबत).
कोसळला: रविवारी नव्हे, शनिवार, १२ एप्रिल २०१४, दुपारी.
मृत्यू: १३ एप्रिल २०१४, झावळ्यांचा रविवार (पाम संडे).
बापाने खरे सांगितले: १४ नोव्हेंबर २०२५.

स्थळ: शिरूर
सही: ए. पौ. ओहोळ

साक्षीदार:
डॉ. सीमा गायकवाड, शिरूर.
गोकुळ तात्याबा थोरात, निमोणे. १२ एप्रिल २०१४ रोजीही साक्षीदार हेच होते.