टॉर्चचा उजेड कुठे सांडतो

८ जून, गुरुवार

सेल परत मेला! रविवारी चर्चवरून आल्यावर मी स्वतःच्या हाताने नवा घातला होता. आज गुरुवार. चार दिवस!

ह्यांना विचारलं. हे शिलाई मशीनला तेल घालत होते. मान वर न करता म्हणाले, "पाच वेळा लावला असेल. तोही दाराची कडी सापडावी म्हणून."

पाच वेळा. मी सहावीला गणित शिकवते. सेलच्या वेष्टनावर चाळीस तास लिहिलंय. म्हणजे कडी शोधायला एका माणसाला दर खेपेला आठ तास लागतात!

टॉर्च मीच आणला होता लिंबे शहरातल्या बाजारातून, ह्यांच्या वाढदिवसाला. बोटाएवढा, चकचकीत, शर्टाच्या खिशात मावणारा, बटणात हिरवा ठिपका. ह्यांचा जुना दोन सेलांचा डबडा मी मोठ्या दिरांना देऊन टाकला. त्याला रबर बांधावं लागायचं आणि मांडीवर आपटल्याशिवाय तो लागायचा नाही. तेव्हा हे काही बोलले नाहीत. हे कशावरच काही बोलत नाहीत.

९ जून, शुक्रवार

जायलोसी मामा आले. मामा आमच्या लग्नाचे नखोस्वे. लग्न त्यांनी जमवलं, बिघडलं तर निस्तरायचंही त्यांनीच. एकतीस वर्षांत त्यांना निस्तरायला काहीच मिळालं नाही, याची त्यांना बहुतेक खंत असावी.

मी मेलेला सेल दाखवला. म्हणाले, "सेल मरत नाही पोरी, थकतो. उन्हात घाल." त्यांच्या पत्र्यावर सुकट वाळत घालावी तसे सेल मांडलेले असतात, सगळ्या गावाला माहीत आहे. पण सध्या ऊन आहे कुठे? चिपेरोनीच्या गार वाऱ्याची झिमझिम, चार दिवस डोंगर दिसलेला नाही. मग मामांनी सेल चुलीजवळ शेकला. मग दाताने चावला. "चावलं की जागा होतो!"

झाला जागा. दोन मिनिटं. मामांचा एक दात मात्र हलतोय.

११ जून, रविवार

नवा सेल घातला. तारीख लिहून ठेवली.

धाकटी बहीण डोलोफे मीठ मागायला आली आणि तासभर बसली. तिला सांगायला नको होतं. ती म्हणाली, "ताई, तू उजेडाचा हिशोब मांडत बसलीस! उजेड जिथे गेला तिथे भाऊजी गेले, सोपं आहे."

मी म्हटलं, अगं, हे आठाला झोपतात ते पाचाला उठतात. रात्रभर घोरणं ऐकते मी.

"काही पुरुष घोरणं घरी ठेवून जातात," म्हणाली.

हसले मी. ती गेल्यावर मात्र हसू आलं नाही.

१२ जून, सोमवार

झोपण्यापूर्वी उंबऱ्यावर मक्याच्या पिठाची रेघ ओढली. कोणी गेलं की पाऊल उमटणार!

१३ जून, मंगळवार

उमटलं! एकच पाऊल, उजवं, स्पष्ट. मोजपट्टी घेऊन मोजलं. माझंच होतं. पहाटे मी संडासला गेले होते.

बाकीचं पीठ कोंबड्यांनी खाल्लं.

१४ जून, बुधवार

आता दोरा. काल ह्यांच्या पायाच्या अंगठ्याला एक टोक बांधलं, दुसरं माझ्या. शिंप्याच्या घरात दोऱ्याला काय तोटा! रात्री दोनदा ओढ लागली. दोन्ही वेळा मीच कूस बदलली होती. सकाळी ह्यांचा अंगठा काळानिळा. हे बराच वेळ अंगठ्याकडे बघत बसले, मग दोरा सोडला, नीट गुंडाळला, रिळाला लावला. विचारलं नाही काही! ज्याच्या मनात काही नाही तो माणूस विचारणार नाही का — माझ्या अंगठ्याला दोरा का?

१५ जून, गुरुवार

मेला. परत गुरुवारीच.

१७ जून, शनिवार

बैठक झाली. मीच बोलावली.

ओट्यावर पुरुष खुर्च्यांवर, आम्ही बायका चटईवर. आमच्या बाजूने जायलोसी मामा, इस्त्रीच्या कोटात. ह्यांच्या बाजूने मोठे दीर लायटन, सायकलवरून चिखलात माखून आलेले. मधोमध सूप, आणि सुपात टॉर्च. आरोपी तोच असल्यासारखा.

मामांनी घसा साफ केला. "नामालिमा, बोल. हा उजेड तू कुठे नेलास?"

हे म्हणाले, "कडी शोधण्यापलीकडे मी टॉर्च लावला नाही."

"मग काय सेलाला पाय फुटले?"

लायटनदादा उसळले. "माझ्या भावाला दारू नाही, तंबाखू नाही. आता उजेडाचं व्यसन लागलं म्हणता?"

मामांनी टॉर्च उचलून बटण दाबलं. काही नाही. गुडघ्यावर आपटला. काही नाही. काचेत डोळा घालून बघायला लागले तसा तो भस्सकन पेटला, थेट त्यांच्या डोळ्यात! मामा खुर्चीसकट मागे गेले. "दिली! साक्ष दिली त्याने!"

"कोणाच्या बाजूने?" लायटनदादांनी विचारलं.

यावर अर्धा तास वाद झाला. तोवर टॉर्च विझला.

मी माझं गणित सांगितलं. चाळीस तास, चार रात्री, रात्रीला दहा तास. गणितापुढे कोण बोलणार? मामांनी तीन-तीनदा मान हलवली. ह्यांना म्हणाले, अजून सांग बाबा काही असेल तर. हे जमिनीकडे बघत राहिले.

गाव माझ्या आईचं, घर माझं. आमच्यात नवरा बायकोच्या गावात राहायला येतो, आणि बिनसलं की बोचकं उचलायचं ते त्यानेच. मामांनी निकाल दिला — खरंखोटं होईपर्यंत नामालिमाने भावाकडे राहावं. ह्यांनी घोंगडं घेतलं, कात्री घेतली, मशीनचं डोकं सायकलच्या कॅरियरला बांधलं. दारात थांबले. मला वाटलं, आता बोलतील.

"टडालाची आई, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार नीट लागत नाही. दगड लाव," म्हणाले. आणि गेले.

टॉर्च माझ्याकडे ठेवलाय, पुरावा म्हणून. मामांनी त्यात कोरा सेल घातला आणि बटणावर मेणबत्तीचं मेण ओतून मोहोर केली. त्यांच्या अंगठ्याची.

१९ जून, सोमवार

शाळेत सगळ्यांना कळलंय. हेडमास्तरांनी "मॅडम, बरं आहे ना?" असं विचारलं, जसं कोणी गेल्यावर विचारतात.

खुराड्याला दगड लावला.

२१ जून, बुधवार

पलंग मोठा आहे हे आधी कधी जाणवलं नव्हतं. घोरणं नाही म्हणून झोप लागत नाही. मेलं ते घोरणं तरी घरी ठेवून जायचं होतं!

२२ जून, गुरुवार

मक्याच्या कणगीत उंदीर शिरला. हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून मेण फोडलं आणि बटण दाबलं.

अंधार.

परत दाबलं. मांडीवर आपटला. चावलासुद्धा! मी फोडेपर्यंत मेण अखंड होतं, मामांचा अंगठा जसाच्या तसा होता. पाच दिवसांत कोणी हात लावला नाही. आणि मेला.

मी कणगीपाशी जमिनीवरच बसले. उंदीर खुशाल खात होता.

२३ जून, शुक्रवार

डोलोफेला सांगितलं. मला वाटलं, तिचा चेहरा पडेल. छे! "म्हणजे भाऊजी रात्री येतात, टॉर्च घेऊन जातात, सकाळी परत आणून ठेवतात!"

"आणि मेण?"

"मेण काय, बाजारात मिळतं."

"मामांचा अंगठा?"

यावर तिने चटईची एक काडी उपटली. मग म्हणाली, मामांचंही काही सांगता येत नाही.

नवा सेल घातला आहे. टॉर्च नेसायच्या चितेंजेच्या गाठीत बांधून कमरेला लावलाय. आंघोळीला, शाळेत, झोपेत — सुटायचा नाही. फळ्यावर लिहिताना मुलं माझ्या कमरेकडे बघत होती.

२७ जून, मंगळवार

कमरेवरच मेला! मी कुठे गेले नाही. किंवा गेले असेन तर मला माहीत नाही. घोरणं घरी ठेवून!

२८ जून, बुधवार

शाळा सुटल्यावर बाजारात गेले. रेडिओ दुरुस्त करणारा चिकोपा, आरशाएवढं दुकान. टॉर्च पुढे ठेवला. त्याने उचललासुद्धा नाही.

"मॅडम, ह्याच्या बटणात हिरवा ठिपका आहे ना? तो कधी झोपत नाही. टॉर्च बंद असला तरी सेल पीत बसतो. ह्या खेपेचे सगळे असेच आलेत. शेपटीचं झाकण अर्धा फेरा सैल करून ठेवायचं, की महिनोन्‌महिने काही होत नाही."

मी म्हटलं, हे मला कोणी सांगितलं नाही.

"मी नामालिमांना मे महिन्यातच सांगितलं होतं की! त्यांना म्हटलं, परत करा, बदलून आणा. तर म्हणाले, बायकोने हौसेने आणलाय, त्याला नावं ठेवायची नाहीत. झाकण सैल केलं तरी तिला वाटेल मी तिची वस्तू बिघडवली. राहू दे."

घरापर्यंत कशी आले माहीत नाही. मे महिन्यापासून माहीत होतं! भर बैठकीत मान खाली घालून बसले, घर सोडून गेले, पण माझ्या टॉर्चला वाईट म्हटलं नाही. आणि मी त्या माणसाच्या पायाला दोरा बांधला. मी सहावीला गणित शिकवते म्हणे! रडले. खूप रडले. मोठ्याने.

३० जून, शुक्रवार

मामांना सांगितलं. आधी ते ऐकेचनात. "बारा माणसं बसवून मी एका ठिपक्याचा न्याय केला?" मग झाकण सैल करून, घट्ट करून, सैल करून बघत बसले. मग घरी जाऊन त्यांनी पत्र्यावरचे सगळे सेल खाली काढले. का, ते विचारायची हिंमत झाली नाही.

उद्या ते लायटनदादांकडे जाणार. माफी मागायची तर कोंबडी न्यावी लागते. मी दोन दिल्या. आणि म्हटलं, मी पण येते. मामा म्हणाले, बायको जात नसते, नखोस्वे जातो. म्हटलं, मोहोर तुमच्या अंगठ्याची होती, पण गणित माझं होतं.

१ जुलै, शनिवार

गेलो. लायटनदादांच्या अंगणात, सगळ्यांसमोर, गुडघे टेकले. म्हटलं, चूक माझी. लायटनदादांनी मामांना एवढं सुनावलं की त्यांच्या हातातली कोंबडीसुद्धा ओरडायची थांबली. मग आतून तो जुना डबडा आणला, मांडीवर आपटला, लावला आणि मामांच्या तोंडावर धरला. "हा बघा! चौदा वर्षं. कोणाचं घर मोडलं नाही ह्याने."

हे मशीनपाशी बसले होते. कोणाच्या तरी शाळेच्या चड्डीला काजं करत होते. माझ्याकडे बघितलं आणि डोळे भरून आले ह्यांचे. एकतीस वर्षांत पहिल्यांदा बघितले. म्हणाले, "उठ. गुडघ्याला चिखल लागतोय."

२ जुलै, रविवार

आले! मशीनचं डोकं कॅरियरवर, घोंगडं खांद्यावर. डोलोफे दारातच "मी तर आधीपासून म्हणत होते" म्हणाली. काय म्हणत होती देव जाणे.

कोंबडी केली, मक्याच्या पिठाची न्सिमा केली. कोंबडीचा पेठा घरधन्याचा, तो ह्यांच्या ताटात वाढला. ह्यांनी उचलला आणि माझ्या ताटात ठेवला. मी परत ठेवला. ह्यांनी परत. "मला नको," म्हणाले. दमले असतील. आल्यापासून नीट बोललेही नाहीत, पण ते काय नवीन आहे! टॉर्च खिळ्याला लावलाय, झाकण अर्धा फेरा सैल. आज मला झोप लागेल.

५ जुलै, बुधवार

मघाशी हे माझ्यासमोर येऊन बसले. लेकीच्या नावाने नाही, माझ्या नावाने हाक मारली — एनेलेसी. म्हणाले, "तू सगळ्यांसमोर गुडघे टेकलेस, ते मला गिळवत नाहीये. मी एका बाईकडे जात होतो. दोन वर्षं. बाजाराच्या दिवशी, भरदुपारी. तो टॉर्च घेऊन रात्री कोण निघेल?"